मेडुसाचे वकीलपत्र

ऑक्टोबर 2020. न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर कलेक्ट पाँड पार्क नावाची छोटी बाग आहे. तिथे सात फूट उंचीचा एक कांस्यपुतळा बसवला गेला. नग्न, ताठ उभी असलेली तरुणी, केसांच्या जागी साप, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात पुरुषाचे छाटलेले मुंडके. ग्रीक पुराणकथेत पर्सियस हा वीर मेडुसाचे डोके उडवतो. इथे मेडुसाने पर्सियसचे उडवले होते. लुचानो गार्बाती या अर्जेंटिनी-इटालियन शिल्पकाराने ही मूर्ती मुळात 2008 मध्ये घडवली होती. दहा वर्षांनी ‘मी टू’च्या लाटेत तिची छायाचित्रे जगभर फिरली. मग ती कांस्यात ओतली गेली आणि ज्या न्यायालयात 2020 मध्येच चित्रपटनिर्माता हार्वी वाइनस्टीनवरचा लैंगिक अत्याचाराचा खटला चालला होता, त्याच्यासमोर आणून उभी करण्यात आली.

पुतळ्याचे स्वागत झाले तसे त्यावर आक्षेपही आले. मेडुसावर अत्याचार केला तो समुद्रदेव पोसायडनने. मग मुंडके पर्सियसचे का? सूड घेणारी स्त्री जाहिरातीतल्या मॉडेलसारखी सडपातळ आणि निर्लोम का? आणि बाईच्या संतापाचे शिल्प घडवायला पुन्हा पुरुषच का? तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पण या पुतळ्याची खरी उणीव त्याच्या चेहऱ्यात आहे. तो चेहरा गंभीर आहे, थोडा थकलेला आहे, सुंदर तर आहेच. त्यात भय मात्र कुठेच नाही. ज्या चेहऱ्याकडे पाहताच माणूस दगड होतो असे अडीच हजारांहून अधिक वर्षे सांगितले गेले, त्याच्याकडे आता निवांत पाहता येते.

गेल्या वीसेक वर्षांत ग्रीक पुराणकथांच्या पुनर्कथनाला मोठा बहर आला. मार्गारेट अ‍ॅटवूडच्या ‘पेनेलोपियड’ने (2005) ओडिसियसच्या बायकोला आणि तिच्या फासावर गेलेल्या दासींना बोलते केले. 2018 मध्ये मॅडलिन मिलरची ‘सर्सी’ आणि पॅट बार्करची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ या कादंबऱ्या आल्या. एका कादंबरीत होमरची चेटकीण बोलते, दुसरीत ट्रॉयच्या युद्धात लुटीचा माल म्हणून वाटली गेलेली स्त्री. आता तर पुस्तकांच्या दुकानांत या कादंबऱ्यांची वेगळी फळीच असते. या बहराचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही सर्वांत स्पष्ट दिसतात त्या मेडुसाच्या बाबतीत, कारण तिच्याइतकी रूपे क्वचितच कुणा ग्रीक पात्राने घेतली असतील.

मेडुसाच्या बाबतीत कथेच्या आधी चेहरा आहे. ‘इलियड’मध्ये गॉर्गनचे, म्हणजे मेडुसासारख्या राक्षसीचे, मस्तक अथीनेच्या कवचावर आणि अ‍ॅगमेम्नॉनच्या ढालीवर आहे. ‘ओडिसी’त पाताळाच्या तोंडाशी उभा असलेला ओडिसियस, पर्सेफनी आता ते मस्तक आपल्यावर पाठवील या भीतीने तिथून पळ काढतो. पर्सियसने केलेल्या वधाची हकिकत होमर सांगत नाही. त्याला पुरतो तो चेहरा. वटारलेले डोळे, पसरलेला जबडा, बाहेर लोंबणारी जीभ असा हा चेहरा ग्रीकांनी देवळांच्या छपरांवर बसवला, ढालींवर आणि नाण्यांवर उमटवला. मद्याच्या प्याल्यांच्या तळाशीही तो रंगवला, म्हणजे पिणाऱ्याने प्याला रिता केला की आतून गॉर्गन त्याच्याकडे पाहणार. त्या काळच्या भांड्यांवरच्या चित्रांत देव, वीर, घोडे बहुतेक सगळे बाजूने दिसतात. गॉर्गन तेवढी चित्राबाहेर, थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाहते.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख असते. त्याला धड नाही, आहेत ते फक्त डोळे आणि जबडा. त्याचीही पुराणकथा आहे, पण ती ठाऊक नसलेल्या माणसालाही त्या चेहऱ्याचे काम कळते. जे वाईट आहे त्याला दारातच थोपवायचे, तर राखणदारही तितकाच भयंकर हवा. दोन्ही परंपरा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत असा दावा इथे नाही; कामाचे साम्य मात्र डोळ्यांत भरणारे आहे.

इसवी सनापूर्वी 580च्या सुमारास कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळावर कोरलेली मेडुसा आज तिथल्या संग्रहालयात आहे. सुमारे तीन मीटर उंचीची ही मूर्ती एक गुडघा टेकून धावते आहे, कमरेला सापांची गाठ आहे. शेजारी तिची मुले आहेत: पेगासस हा पंखांचा घोडा आणि क्रायसेओर. कथेप्रमाणे ही मुले तिचे डोके तुटल्यावर मानेतून जन्माला आली, पण इथे आई जिवंत, मुले जवळ आणि मस्तकही जागेवर. शिल्पकाराने काळाचा क्रम बाजूला ठेवला आणि आई, राक्षसी, राखणदार अशी तिन्ही रूपे एका दगडात बसवली. इतकी दाट, इतकी धीट मेडुसा नंतर फार थोड्यांना साधली.

हेसिअडच्या ‘थिओगनी’त तिला कुळ मिळाले. स्थेनो, युरायली आणि मेडुसा या तिघी बहिणी. त्यांतली मेडुसा तेवढी मर्त्य. पोसायडन तिच्याशी वसंतातल्या फुलांच्या कुरणात संग करतो. बळजबरीचा उल्लेख नाही. तिचा मृत्यू हेसिअड एका वाक्यात उरकतो. त्यानंतर इसवी सनापूर्वी 490 मध्ये पिंडारने अक्रागासच्या मिदास नावाच्या वादकासाठी एक स्तोत्र रचले आणि त्यात एक विलक्षण गोष्ट सांगितली. मेडुसा मेल्यावर तिच्या बहिणींनी जो आक्रोश केला, तो ऐकून अथीनेने ‘ऑलोस’ या सुषिर वाद्याचे संगीत निर्माण केले. वधाला मदत करणारी देवता बहिणींचा विलाप ऐकते आणि त्याचे सूर करून माणसांना देते. कलेचा उगम असा दुसऱ्याच्या हंबरड्यात सांगणारी ही कथा मेडुसाच्या साऱ्या वाङ्मयात सर्वांत अस्वस्थ करणारी आहे. याच पिंडारने तिला सुंदर गालांचीही म्हटले. पुढे पाचव्या शतकातच ग्रीक चित्रकार तिला साध्या, झोपलेल्या तरुणीसारखी रंगवू लागले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका भांड्यावर पर्सियस अशा झोपलेल्या मुलीच्या मानेला शस्त्र लावतो आहे, आणि पाहणाऱ्याची सहानुभूती कुणाकडे जाते हे सांगायला नको.

आज जी कथा सगळ्यांना ठाऊक असते ती रोमन कवी ओव्हिडची. इसवी सन 8च्या सुमारास ‘मेटामॉर्फसिस’ पूर्ण झाले. त्यात मेडुसा सुंदर केसांची मुलगी आहे, समुद्रदेव तिच्यावर मिनर्व्हाच्या, म्हणजे अथीनेच्या, देवळात बलात्कार करतो आणि देवी शिक्षा देते ती मुलीला: केसांचे साप होतात. आजच्या सगळ्या कादंबऱ्या, पुतळे, गोंदणे या काही ओळींवर उभी आहेत. पण या ओळी कुणाच्या तोंडी आहेत हे सहसा सांगितले जात नाही. त्या पर्सियसच्या तोंडी आहेत. तो स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत बसला आहे, कुणीतरी विचारते की तिघी बहिणींत हिच्याच केसांत साप का, आणि तो ऐकीव माहिती म्हणून ही हकिकत सांगतो. तिच्यावरच्या अत्याचाराची साक्ष तिच्या मारेकऱ्याने, जेवणाच्या पंगतीत दिली. ओव्हिडने ही मांडणी अजाणता केली असेल यावर विश्वास बसत नाही.

या कथेतला समुद्रदेव महाराष्ट्रातही येऊन राहिला आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1940च्या दशकात रोमन कांस्यवस्तूंचा साठा सापडला, त्यात पोसायडनची एक सुबक छोटी मूर्ती होती. सातवाहनकाळी रोमशी चालणाऱ्या व्यापाराची ती खूण. मूर्ती पंचगंगेकाठी पोचली, तिच्यामागची कथा मात्र इथे रुजली नाही.

ओव्हिडच्याच काव्यात आणखी एक प्रसंग आहे. समुद्रराक्षसाला मारल्यावर पर्सियसला हात धुवायचे असतात. हातातले मेडुसाचे मस्तक खाली ठेवायचे, तर वाळू खरखरीत. म्हणून तो पाने आणि समुद्रातले शेवाळ अंथरतो आणि त्यावर ते मस्तक अलगद पालथे ठेवतो. त्या स्पर्शाने शेवाळ कडक होते आणि पोवळे जन्माला येते. इटालो काल्व्हिनोने हार्वर्डसाठी तयार केलेल्या, पण 1985 मध्ये मृत्यू आल्याने न दिलेल्या व्याख्यानांत या प्रसंगाकडे लक्ष वेधले आहे. मारलेल्या राक्षसीच्या मस्तकाला वाळू टोचू नये म्हणून जपणारा वीर! क्रौर्य आणि हळुवारपणा एकाच हाताने करणारे असे पात्र आजच्या पुनर्कथनांत शोधावे लागते.

फ्लॉरेन्समधल्या चेल्लिनीच्या पर्सियसमध्ये तो हळुवारपणा नाही. ड्यूक कोझिमो पहिला याच्यासाठी 1545 ते 1554 या काळात घडवलेले हे शिल्प शहराच्या मुख्य चौकात उभे आहे. वीराचा पाय मेडुसाच्या नग्न, शीरविहीन धडावर आहे आणि हात वर करून त्याने मस्तक जनतेला दाखवले आहे. समोरच्या चौकात तेव्हा मायकेलँजेलोचा डेव्हिड होता, प्रजासत्ताकाचा मानबिंदू. आपली सत्ता पक्की करत असलेल्या मेदिची घराण्याने कुणाला काय बजावले हे तेव्हाच्या नागरिकांना नक्कीच कळले असेल. शिल्प म्हणून ते थोर आहे. गार्बातीने आपली मूर्ती त्यालाच उत्तर म्हणून घडवली. पण उत्तर देताना त्याने मूळ प्रश्नाचीच मांडणी उचलली. विजेता उभा, पराभूताचे मुंडके हातात, एवढेच राहिले आणि जागा तेवढ्या बदलल्या. सत्तेचे हे चित्र किती सहज पुन्हा वापरता येते ते 2016च्या अमेरिकी निवडणुकीत दिसले. तेव्हा ट्रम्प यांना पर्सियस आणि हिलरी क्लिंटन यांना मेडुसा करणारी चित्रे मगांवर आणि टीशर्टांवर छापून विकली गेली. मेरी बिअर्ड यांनी ‘विमेन अँड पॉवर’मध्ये (2017) त्याची दखल घेतली आहे.

काराव्हाज्जोची मेडुसा चेल्लिनीपेक्षा कितीतरी पुढची. 1597च्या आसपास त्याने ती फुगीर ढालीवर ताणलेल्या कापडावर रंगवली. मस्तक नुकतेच तुटले आहे, रक्त उडते आहे, तोंड किंचाळण्यासाठी उघडले आहे. आणि तो चेहरा पुरुषाचा, बहुधा चित्रकाराचा स्वतःचाच, असे मानले जाते. मेडुसाला जे दिसते ते तिचे स्वतःचे प्रतिबिंब, म्हणजे दगड करणारी आणि दगड होणारी एकच. इथे पाहणारा सुरक्षित राहत नाही. हीच गोष्ट वेगळ्या वेदनेने कामिय क्लोदेलने केली. 1902च्या सुमाराच्या तिच्या संगमरवरी ‘पर्सियस आणि गॉर्गन’मध्ये वीराच्या हातातल्या मस्तकाला तिने स्वतःचा चेहरा दिला, तोही वय झालेला, विस्कटलेला. 1913 मध्ये तिला मनोरुग्णालयात टाकण्यात आले आणि 1943 मध्ये मरेपर्यंत ती तिथून सुटली नाही. पुढचे आयुष्य ठाऊक असल्यामुळे त्या शिल्पाकडे पाहताना जीव गलबलतो हे खरे, पण ते ठाऊक नसते तरी शिल्पाचे बळ उणे झाले नसते. तिने मेडुसाची बाजू मांडली नाही, ती तिच्या जागी गेली.

विसाव्या शतकात मेडुसा विचारवंतांच्या हाती आली. फ्रॉइडचे 1922 मध्ये लिहिलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर 1940 मध्ये छापले गेलेले टिपण तिच्या मस्तकाला पुरुषाच्या खच्चीकरणाच्या भयाशी जोडते. ते वाचताना मेडुसापेक्षा फ्रॉइडबद्दलच जास्त कळते. त्याला खणखणीत उत्तर दिले एलेन सिक्सू यांनी 1975च्या ‘मेडुसाचे हास्य’ या निबंधात. स्त्रियांनी स्वतःचे शरीर, स्वतःचे सुख स्वतः लिहावे, असे आवाहन करणारा तो निबंध अजूनही रग टिकवून आहे. सिक्सूंची मेडुसा हसते. त्या हसण्यात धाक आहे, म्हणून ती जिवंत वाटते. पुढच्या लोकप्रिय आवृत्त्यांनी तिचे सौंदर्य घेतले आणि धाक मागे ठेवला. व्हर्साचेच्या बोधचिन्हावर ती दिमाखदार आहे, इतकेच. समाजमाध्यमांत मात्र तिला वेगळे, अधिक गंभीर स्थान मिळाले आहे. लैंगिक अत्याचारातून तगलेल्या अनेक स्त्रिया तिचा चेहरा अंगावर गोंदवून घेतात. हा चेहरा पुन्हा राखणदार झाला आहे. या गोंदणांकडे कलासमीक्षेच्या चष्म्यातून पाहून नाक मुरडणे चुकीचे ठरेल, कारण ढालीवरच्या गॉर्गनच्या मूळ कामाशी सर्वांत प्रामाणिक तीच आहेत.

कवयित्रींनी तिला सर्वांत चांगले ओळखले. लुईज बोगन, सिल्व्हिया प्लाथ, मे सार्टन, कॅरल अ‍ॅन डफी यांनी तिच्यावर कविता लिहिल्या. प्लाथच्या 1962च्या कवितेत ती सुटका न देणारी आई होते, तर डफीच्या 1999च्या संग्रहात मत्सराने पेटलेली बायको. तिला निर्दोष ठरवण्याची घाई कुणाला नाही. तिच्यातले विष त्यांना हवे आहे.

कादंबरीत ही घाई फार दिसते. अन्याय झालेल्या पात्राचे वकीलपत्र घ्यायचे, आयुष्याची हकिकत त्याच्याच तोंडून वदवायची, आणि वाचकाकडून निर्दोष सुटकेचा निकाल मिळवायचा, असा साचा पडला आहे. मराठीला तो जुना आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कैफियत मांडतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (1967) कर्णाचे वकीलपत्र असे घेतले की दोन पिढ्या त्याच्यासाठी रडल्या. त्याच 1967 साली इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आले. कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे त्यांनी कणवेने पाहिले. पण खांडववन जाळणाऱ्या कृष्णार्जुनांना जसे सोडले नाही, तसे या स्त्रियांच्या चुकांवरही पांघरूण घातले नाही. माणूस म्हणून पाहायचे तर दोष धरूनच पाहायचे, हा त्यांचा कडवा प्रामाणिकपणा. आजच्या इंग्रजी पुनर्कथनांना गरज आहे ती या कडवेपणाची. बार्करच्या कादंबरीत तो आहे. तिची ब्रायसेईस स्वतःच्या मालकाबद्दल, अकिलीसबद्दल, जे अनुभवते त्याला सोपे नाव देता येत नाही. पण तिच्या मागून आलेल्या कितीतरी पुस्तकांत नायिका एकविसाव्या शतकातल्या सुजाण तरुणीसारखी विचार करते आणि देवांचे भय, शकुन, विटाळ, बळी हे सगळे नेपथ्यापुरते उरते. प्राचीन माणूस आपल्यापेक्षा वेगळा होता, हेच त्यात हरवते.

गॉर्गनच्या भयाचे काय करायचे याचे विसाव्या शतकातले सर्वांत खोल उत्तर कादंबरीबाहेर मिळते. झीगफ्रीड क्राकाउअर हा नाझी जर्मनीतून निसटलेला चित्रपट-अभ्यासक. 1960च्या ‘थिअरी ऑफ फिल्म’मध्ये ज्या चकाकत्या ढालीतले प्रतिबिंब पाहत पर्सियसने मेडुसाला मारले, त्या ढालीकडे तो वळतो. प्रत्यक्ष भीषणाकडे माणूस पाहू शकत नाही, तो गोठतो. पण ढालीतले प्रतिबिंब पाहता येते, आणि चित्रपटाचा पडदा ही ती ढाल. त्याच्यासमोर खाटीकखान्यातल्या वासरांची मुंडकी दाखवणारा माहितीपट होता आणि छळछावण्यांमधल्या प्रेतांचे चित्रण होते. ही प्रतिबिंबे पाहून प्रेक्षक त्या भयाला आपल्या स्मरणात जागा देतो, असे त्याचे म्हणणे. प्रिमो लेव्ही स्वतः आउश्विट्झमधून परतला होता. 1986च्या आपल्या अखेरच्या पुस्तकांपैकी एकात त्याने आणखी कठोर गोष्ट लिहिली: जे तळाला पोचले, ज्यांनी गॉर्गनला पाहिले, ते सांगायला परतले नाहीत किंवा मुके होऊन परतले, आम्ही वाचलेले लोक पुरे साक्षीदार नव्हे. इथे मेडुसा कुणी स्त्री नाही, तिच्यावरच्या अन्यायाची चर्चा नाही. तरी या पानांवर तिचे आद्य रूप आहे, प्याल्याच्या तळाशी असलेला तो चेहरा.

म्हणजे आज दोन मेडुसा आहेत आणि त्यांची भेट होत नाही. एकीला न्याय हवा आहे, दुसरीकडे पाहवत नाही. पहिलीचे लेखक दुसरीला विसरतात, कारण भयंकर रूप कबूल केले तर सहानुभूती कमी होईल असे त्यांना वाटते. कॉर्फूच्या शिल्पकाराला तसे वाटले नव्हते.

या दोघींना जवळ आणायचा सर्वांत गंभीर प्रयत्न नॅटली हेन्सच्या ‘स्टोन ब्लाइंड’मध्ये (2022) आहे. पुस्तक निर्दोष नाही. पर्सियसला हेन्स इतका बावळट आणि कुरकुऱ्या करून टाकते की त्याच्या हातून झालेल्या वधाचे वजन घटते. निवेदिका वाचकाला वारंवार टोकून विचारते की खरा राक्षस कोण; उत्तर पहिल्या पन्नास पानांतच मिळालेले असते. पण दोन गोष्टी तिला साधल्या आहेत. एक म्हणजे तुटलेले मस्तक मेल्यावरही बोलत राहते, आणि त्याचा आवाज जिवंतपणीच्या कोवळ्या मेडुसाचा नाही. तो थंड आहे, त्याला दया सुचत नाही. दुसरी गोष्ट बहिणींची. स्थेनो आणि युरायली या अमर राक्षसिणी किनाऱ्यावर आलेली मर्त्य पोर सांभाळतात, माणसाच्या बाळाला काय लागते ते शिकत शिकत. दात, पंख आणि नख्या असलेल्या या दोघींचा जीव तिच्या प्रत्येक श्वासावर टांगलेला आहे. राक्षसीपण जराही न पुसता हेन्सने त्यांना आया केले आहे. ज्या दोघींच्या विलापातून वाद्यसंगीत झाले असे पिंडारने सांगितले, त्यांना इथे घर, दिनक्रम आणि काळजी मिळाली. पुढच्या लेखकाने या कादंबरीतून काय उचलावे असे कुणी विचारले, तर ते या दोन बहिणींचे प्रकरण.